अलाबामाचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन: निकाल मोठे की त्यांची बजावणी?

प्रश्न: गंगापूररोड_वाचक

सप्रेम नमस्कार. नाशिकमध्ये आमचे दहा-बारा जणांचे एक अभ्यासमंडळ आहे आणि पुढच्या बैठकीत अमेरिकेतील फेडरल न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन (धाकटे) यांच्यावर बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. कायद्याचे शिक्षण घेतलेले नाही. त्यामुळे येथील वकील मंडळींकडून आणि न्यायालयात काम केलेल्या जाणकारांकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे.

जे वाचले ते थोडक्यात मांडते. जॉन्सन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ रोजी अलाबामा राज्याच्या उत्तरेकडील विन्स्टन परगण्यात, हेलीव्हिल येथे झाला. यादवी युद्धाच्या काळात, बाकीचे राज्य फुटून निघत असताना, या डोंगराळ परगण्याने त्याला विरोध केला होता. तेथील लोकांचा हा वेगळा बाणा पुढेही टिकला, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकछत्री राज्यात जॉन्सन यांचे घराणे रिपब्लिकन राहिले. १९४३ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, दुसऱ्या महायुद्धात ते पायदळातून लढले आणि जखमी झाले, १९५३ मध्ये केंद्राचे सरकारी वकील झाले आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाच्या मध्य विभागाचे जिल्हा न्यायाधीश नेमले. मुख्यालय माँटगोमेरी. काही आठवड्यांतच, १ डिसेंबर १९५५ रोजी, त्याच शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली.

माझे कुतूहल मात्र सेल्मा ते माँटगोमेरी या १९६५ च्या पदयात्रेमुळे जागे झाले, आणि त्याचे कारण नाशिकचे आहे. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च येथून निघाला, तेव्हा मुंबई नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ उभी होते. लाल टोप्यांची रांग संपता संपत नव्हती. एका आजींनी चप्पल तुटल्यामुळे पायाला कापड गुंडाळले होते आणि त्या तशाच चालत होत्या. हमरस्ता वाहनांचा की चालणाऱ्यांचा, हा प्रश्न तेव्हा मनात आला. जॉन्सन यांनी नेमका याच प्रश्नावर निकाल दिला होता, हे आता वाचनात आले.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली म्हणजे, एका जिल्हा न्यायाधीशाला संपूर्ण राज्याचा कायदा बाजूला ठेवण्याचा अधिकार कसा मिळतो? आणि दुसरी म्हणजे, त्यांनी शाळा, मनोरुग्णालये, तुरुंग, पोलीसदल अशा सगळ्यांवर आदेश काढले, म्हणून आमच्या मंडळातील एक सर म्हणतात की हा न्यायाधीश राज्य चालवू लागला होता. हा आक्षेप कितपत योग्य आहे?

उत्तर: दिवाणी_बाजू

नमस्कार मॅडम. तीस वर्षे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो आहे. अमेरिकन कायदा हा केवळ आवडीचा विषय, त्यामुळे त्या मर्यादेत लिहितो.

'जिल्हा न्यायाधीश' या शब्दाने आपली पहिली फसगत होते. आपल्याकडे न्यायालयांची उतरंड एकच आहे. दिवाणी न्यायाधीशापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सर्व जण केंद्राचे आणि राज्याचे असे दोन्ही कायदे लावतात. अमेरिकेत मात्र राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. जॉन्सन हे दुसऱ्या साखळीतील पहिल्या पायरीवर होते. साक्षी-पुरावे त्यांच्यासमोर होत, आणि तरीही राज्यघटनेशी विसंगत असलेला राज्याचा कायदा रोखण्याचा अधिकार, जो आपल्याकडे उच्च न्यायालयाला असतो, तो त्यांना होता. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, संमती सिनेटची, कार्यकाळ तहहयात, आणि पदावर असेपर्यंत वेतनात कपात नाही. अलाबामातील राज्य न्यायाधीशांना मतदारांपुढे जावे लागे. जॉन्सन यांना ती धास्ती नव्हती. (आपल्याकडेही १९३७ ते १९५० या काळात 'फेडरल कोर्ट' होते आणि त्याच्या पहिल्या तीन न्यायमूर्तींत आपले मुकुंदराव जयकर होते, पण ते सर्वात वरचे न्यायालय, आणि नावापलीकडे साम्य फारसे नाही.)

त्या काळात आणखी एक सोय होती. राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवून रोखायचा असेल, तर तीन न्यायाधीशांचे विशेष पीठ बसे आणि त्याच्या निकालावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. माँटगोमेरीच्या बसचा दावा, म्हणजे ब्राउडर विरुद्ध गेल, असाच चालला. रोझा पार्क्स त्या दाव्यात वादी नव्हत्या, हे मंडळात आवर्जून सांगा. वादींमध्ये ऑरेलिया ब्राउडर होत्या, आणि क्लॉडेट कॉल्व्हिन ही मुलगी होती, जिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, याच कारणासाठी अटक झाली होती. ५ जून १९५६ रोजी रिव्हज आणि जॉन्सन या दोघांनी बसमधील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली, तिसरे न्यायाधीश लिन यांनी भिन्नमत नोंदवले, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा निकाल कायम केला. पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला होता.

कॉल्व्हिनच्या अटकेची तारीख २ मार्च १९५५. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या पंचवटीत सुरू झाला तो २ मार्च १९३० रोजी. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची मला सवय नाही, पण नाशिकच्या श्रोत्यांना ती तारीख पटकन लक्षात राहील.

आता सेल्मा. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या पदयात्रेवर एडमंड पेटस पुलावर राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. आयोजक जॉन्सन यांच्याकडे आले. ९ मार्च रोजी त्यांनी काय केले हे पाहा: सुनावणी होईपर्यंत पदयात्रा काढू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम त्यांनी आयोजकांवरच काढला. मार्टिन ल्यूथर किंग त्या दिवशी लोकांना घेऊन पुलापलीकडे गेले, प्रार्थना केली आणि परत फिरले. कार्यकर्त्यांतील अनेकांना ते रुचले नाही.

हे वाचताना मला महाड आठवले. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या दुसऱ्या परिषदेआधी स्पृश्य मंडळींनी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि हजारो लोक तयारीनिशी जमलेले असतानाही डॉ. आंबेडकरांनी हुकुमाचा मान राखून पाणी भरण्याचा सत्याग्रह तहकूब केला. दोन्ही ठिकाणी नेत्यांनी न्यायालयावर विश्वास टाकला. फरक पुढे पडला. जॉन्सन यांनी ११ मार्चपासून साक्षी घेतल्या आणि १७ मार्च १९६५ रोजी निकाल दिला. महाडच्या दाव्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला तोही १७ मार्चलाच, पण १९३७ सालच्या. एकीकडे आठ दिवस, दुसरीकडे नऊ वर्षे.

जॉन्सन यांच्या निकालातील तत्त्व त्यांच्या टीकाकारांनाही नवे वाटले होते: रस्त्यावर उतरून निषेध करण्याच्या हक्काची व्याप्ती ही ज्या अन्यायाविरुद्ध निषेध आहे त्या अन्यायाच्या आकाराच्या प्रमाणात असावी. अन्याय किती मोठा, हे त्यांनी विशेषणांनी नव्हे, मतदार नोंदणीच्या आकड्यांनी दाखवले. वाटेवरच्या लाऊंडेस परगण्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती, पण १९६५ च्या प्रारंभी तेथे एकाही कृष्णवर्णीय मतदाराची नोंद नव्हती. आयोजकांनी न्यायालयापुढे मार्ग, मुक्काम आणि व्यवस्था यांचा लेखी आराखडा ठेवला होता. जेथे रस्ता दोनपदरी आहे तेथे चालणारे ३०० पेक्षा अधिक नसावेत, अशी अट होती. २१ मार्चला निघालेली पदयात्रा ८५ किलोमीटरहून अधिक अंतर चालून २५ मार्चला माँटगोमेरीत पोहोचली. तुम्ही २०१८ चा उल्लेख केला म्हणून सांगतो: आपल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून आझाद मैदान गाठले. तेथे कोणत्याही न्यायालयाने अट घातली नव्हती.

उत्तर: निवृत्त_नाझर

वकीलसाहेबांनी सविस्तर लिहिलेच आहे. मी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मॅडमच्या दुसऱ्या शंकेकडे माझ्या टेबलावरून पाहतो.

आमच्याकडे पक्षकार पेढे घेऊन येत, निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून. त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागे की हुकूमनामा हातात पडला म्हणजे काम अर्धे झाले. आता दरखास्त, म्हणजे निकालाच्या बजावणीचा अर्ज, लावा. मग ताब्याचे वॉरंट निघणार, बेलिफ जागेवर जाणार, तेथे कुलूप असणार, शेजारी पंच म्हणून सही देणार नाहीत, बेलिफ रिकाम्या हाताने परतणार आणि अहवालावर 'कब्जा मिळाला नाही' असे लिहिणार. एका घराच्या ताब्याचे अकरा अहवाल मी स्वतः नस्तीत लावले आहेत. निकाल मात्र पहिल्या दिवसापासून अगदी स्वच्छ होता.

जॉन्सन यांचा वायट विरुद्ध स्टिकनी हा खटला वाचताना मला तीच नस्ती दिसली. टस्कलूसा येथील ब्राइस मनोरुग्णालयात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून कर्मचाऱ्यांची कपात झाली आणि १९७० मध्ये दावा दाखल झाला. रिकी वायट हा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला मानसिक आजार नव्हता, तो 'उनाड' म्हणून तेथे डांबलेला होता. मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी ठरवले की एखाद्याला उपचारासाठी म्हणून इच्छेविरुद्ध कोंडले असेल, तर उपचार मिळणे हा त्याचा घटनादत्त हक्क आहे, कारण उपचार नसतील तर ते रुग्णालय उरत नाही.

येथपर्यंत निकाल. आता दरखास्त पाहा. त्यांनी राज्याला सहा महिने दिले आणि सांगितले की मानके तुम्हीच ठरवा. राज्याला ते जमले नाही. मग त्यांनी तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या आणि १३ एप्रिल १९७२ रोजी मानके स्वतः आदेशाला जोडली. त्यांतील तपशील असा: एका खोलीत सहापेक्षा अधिक रुग्ण नकोत, सामाईक खोलीत प्रत्येकी किमान ८० चौरस फूट जागा, आठ रुग्णांमागे एक शौचालय, पंधरा रुग्णांमागे एक न्हाणी. न्यायाधीशाने शौचालये मोजावीत का, असे तुमच्या सरांना वाटत असेल. मी म्हणेन, 'योग्य सुविधा द्याव्यात' एवढेच लिहिले असते तर अकरा अहवाल आले असते आणि प्रत्येकावर 'योग्य सुविधा दिल्या आहेत' असे लिहिलेले असते. आकडा लिहिला की बेलिफालाही मोजता येते.

तुरुंगांबाबत तेच. जानेवारी १९७६ च्या पघ विरुद्ध लॉक या निकालात कोठडीसाठी किमान ६० चौरस फूट जागा ठरवली आणि देखरेखीला नागरिकांची समिती नेमली. राज्य पोलीसदलात ३७ वर्षांच्या इतिहासात एकही कृष्णवर्णीय शिपाई नव्हता. १९७२ मध्ये त्यांनी आदेश दिला की प्रमाण २५ टक्क्यांवर पोहोचेपर्यंत एका गोऱ्या भरतीमागे एक कृष्णवर्णीय भरती करावी. हाही मोजता येणारा हुकूम.

वायट खटला अखेर बंद झाला तो २००३ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. जॉन्सन त्याच्या चार वर्षे आधी वारले होते.

उत्तर: निफाड_फाटा

नाझरकाकांच्या टेबलाविषयी आदर ठेवूनही थोडा विरोध नोंदवतो, कारण नाहीतर मॅडमचे व्याख्यान आरतीचे ताट होईल.

पहिले म्हणजे पैसा. शौचालये बांधायची तर कर बसवायचा विधिमंडळाने, आणि ते मतदारांना उत्तरदायी असते. एका न्यायाधीशाने रुग्णालय, तुरुंग आणि शाळा या तिन्हींचा किमान खर्च ठरवला, तर राज्याच्या अर्थसंकल्पातील प्राधान्यक्रम मतपेटीतून न येता न्यायदालनातून येतो. आपल्याकडे १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने रांचीच्या मनोरुग्णालयावर देखरेख सुरू केली, त्यानंतर जनहित याचिकांची जी वाट रुंदावत गेली, तिच्याविषयीही हाच आक्षेप घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

दुसरे म्हणजे, जॉन्सन यांचे पाऊल प्रत्येक वेळी पुढेच पडले असे नाही. टस्किगी शहराची हद्द राज्याने चौकोनावरून अठ्ठावीस बाजूंच्या विचित्र आकारात बदलली, जेणेकरून जवळपास सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर पडावेत. हा गोमिलियन यांचा दावा जॉन्सन यांनी फेटाळला होता. हद्द ठरवणे हे विधिमंडळाचे काम, अशी त्यांची भूमिका होती. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. १९६१ मध्ये आंतरराज्य बसप्रवासातील वर्णविभागणीविरुद्ध निघालेल्या बसयात्रींवर हल्ले झाले तेव्हा त्यांनी कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना आणि माँटगोमेरीचे पोलीस या दोघांना मनाई केली हे खरे, पण त्याच आदेशात काही काळापुरती यात्रा आयोजित करणाऱ्यांनाही मनाई केली, हे सहसा सांगितले जात नाही.

गंगापूररोड_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टस्किगीचा दावा मला ठाऊकच नव्हता. आणखी दोन गोष्टी विचारते. वर्णविभागणीचे पुरस्कर्ते असलेले अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे जॉन्सन यांचे वर्गमित्र होते, असे वाचले. त्यांचे संबंध पुढे कसे राहिले? आणि ज्युरी गोऱ्यांची असताना त्यांच्या न्यायालयात शिक्षा कशा होत असत?

उत्तर: दिवाणी_बाजू

निफाडकरांचे दोन्ही मुद्दे मान्य. पण टस्किगीचा दावा मी त्यांच्या उलट बाजूने वापरेन. १९५८ मध्ये विधिमंडळाच्या कामात हात घालायला कचरणारा हाच माणूस १९७२ मध्ये शौचालये मोजू लागला, तो स्वभाव बदलला म्हणून नव्हे. मधल्या चौदा वर्षांत राज्याने साधे हुकूमही पाळले नाहीत म्हणून. शाळांचे उदाहरण घ्या. ली विरुद्ध मेकन परगणा हा दावा १९६३ मध्ये एका परगण्यातील शाळांमधील वर्णविभागणी संपवण्यापुरता होता. वॉलेस यांनी तेथे शाळा बंद ठेवण्याकरिता राज्याचे पोलीस पाठवले, आणि अडवणूक राज्य करते हे पुराव्यानेच सिद्ध झाले. १९६७ मध्ये त्याच दाव्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने आदेश राज्यभर लागू केला. दाव्याची व्याप्ती वाढवण्याचे काम प्रतिवादीनेच केले, असे मी म्हणेन.

वॉलेस आणि जॉन्सन अलाबामा विद्यापीठात एकत्र शिकले, मैत्रीही होती. १९५९ च्या प्रारंभी वॉलेस राज्याचे न्यायाधीश होते आणि मतदार नोंदणीची दप्तरे केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला देणार नाही, अशी त्यांनी जाहीर गर्जना केली होती. जॉन्सन यांनी ती देण्याचा आदेश काढला. प्रत्यक्षात वॉलेस यांनी ती ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हाती दिली आणि तेथून ती आयोगाला मिळाली. अवमानाच्या कारवाईत जॉन्सन यांनी त्यांना निर्दोष सोडले, पण कारण लिहिताना नोंदवले की वाट वाकडी असली तरी आदेश पाळला गेला आहे. तुरुंगात जाऊन हुतात्मा होण्याची संधी गेली आणि वर हुकूम पाळल्याचे जगजाहीर झाले. वॉलेस यांनी ते कधी विसरले नाही. पुढची वीस वर्षे भाषणांत जॉन्सन हे त्यांचे हक्काचे लक्ष्य होते. जॉन्सन यांच्या अंगणात जळता क्रूस रोवला गेला, एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आईंना इजा झाली नाही. जॉन्सन यांच्या घरावर कित्येक वर्षे पहारा होता.

ज्युरीबद्दल: सेल्माची पदयात्रा संपली त्याच दिवशी व्हायोला लिउझो या डेट्रॉइटहून आलेल्या स्वयंसेविकेची गोळ्या घालून हत्या झाली. राज्याच्या न्यायालयातील ज्युरीने मुख्य आरोपीला निर्दोष सोडले. मग केंद्राने १८७० सालच्या जुन्या कायद्याखाली नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा आरोप ठेवला आणि खटला जॉन्सन यांच्यापुढे आला. येथेही ज्युरी पूर्ण गोरी होती. एकमत होत नसल्याचे तिने कळवल्यावर जॉन्सन यांनी तिला समजावून पुन्हा विचारासाठी पाठवले, आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिन्ही आरोपी दोषी ठरले. प्रत्येकी दहा वर्षे, म्हणजे त्या कलमाखालची कमाल शिक्षा. दोन महिन्यांनी, व्हाइट विरुद्ध क्रुक या दाव्यात, लाऊंडेस परगण्यात कृष्णवर्णीयांना आणि सर्वच स्त्रियांना ज्युरीतून वगळण्याची पद्धत त्यांच्या पीठाने घटनाबाह्य ठरवली. लिउझो यांची हत्या याच परगण्यात झाली होती.

उत्तर: निफाड_फाटा

एक भर घालतो. १९७९ मध्ये जॉन्सन केंद्राच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे १९८५ मध्ये हार्डविक खटल्यात त्यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा खाजगी आयुष्याच्या हक्काशी विसंगत ठरवला होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो उलटवला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचीच चूक मान्य केली. आपल्याकडे २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवणारा नवतेज जोहर निकाल लागला तेव्हा या सगळ्या प्रवासाची चर्चा झालीच होती. टस्किगीत वरिष्ठांनी त्यांना दुरुस्त केले, येथे वरिष्ठच सतरा वर्षांनी त्यांच्या जागी आले. मंडळात हे दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

गंगापूररोड_वाचक

तसेच करते. मांडणी महाड आणि सेल्मा येथील मनाई हुकुमांपासून सुरू करीन, आणि वायट खटल्याच्या मानकांचे एक पान मराठीत उतरवून सर्वांना वाटीन. नाझरकाका, बैठकीस येणार असाल तर दरखास्तीचे ते अकरा अहवाल, अर्थात पक्षकारांची नावे वगळून, तुमच्याच तोंडून ऐकायला आवडतील.

निवृत्त_नाझर

येतो. मात्र बाराव्या अहवालाची गोष्ट आधी कोणाला सांगू नका. त्या वेळी कुलूप नव्हते.